वहिनींच्या टॅबची पारख

आमच्या गावात महागाची वस्तू कुणी एकटा जाऊन घेत नाही. बैलजोडी असो, विहिरीवरची मोटर असो की शिलाई मशीन, सोबत एक जाणता माणूस न्यायचा असतो. दुकानात तो पुढे बसतो, वस्तू उलटीपालटी करून पाहतो, घासाघीस करतो. ज्याला वस्तू हवी असते तो मागे गप्प बसतो. दुकानदारासमोर आपल्या माणसाचं बोलणं मोडायचं नाही, हा यातला मुख्य नियम. मोडलं की दुकानदाराला फट सापडते, असं आमच्याकडे मानतात. वस्तू घरी आली की जाणत्या माणसाला चहा, चहासोबत पेढा, आणि पुढे वर्षभर "सरांनी पाहून दिली बरं का" हे ऐकण्याचं सुख. हे सुख मी पुष्कळ वर्षं भोगलं. हावरटासारखं भोगलं, असंच म्हणायला हवं.

मी गणिताचा मास्तर, आता निवृत्त. नांदुऱ्याजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या वायरी मी जोडल्या होत्या. एवढ्या भांडवलावर मी गावाचा कॉम्प्युटरवाला झालो. पुढे मोबाइल आले, तेही माझ्याकडेच येऊ लागले. कुणाचा आवाज जात नाही, कुणाचे फोटो उडाले, कुणाला पासवर्ड आठवत नाही. यातलं निम्मं मला कळत नसे. पण बटणं दाबत राहिलं की काहीतरी होतं, आणि झालं की लोक म्हणतात, सरांनी केलं. मी कुणाचाही गैरसमज कधी दूर केला नाही.

शेजारच्या वहिनींचे कान सात-आठ वर्षांपूर्वी एका मोठ्या तापात गेले. दोन्ही गेले. कानाचं मशीन लावून पाहिलं, पण त्यातून नुसती घरघर यायची, शब्द नाही. बोलणं मात्र शाबूत, उलट आधीपेक्षा चार घरं जास्त लांब जाणारं. त्या आणि त्यांचे मालक मिळून भाजीपाला पिकवतात. वांगी, मेथी, आणि कोथिंबीर, जिला आम्ही सांबार म्हणतो. आठवडी बाजारात विकायला वहिनी बसत आणि शेजारी त्यांची मुलगी बसे. गिऱ्हाईक काय म्हणतं ते ती आईकडे तोंड करून ओठांनी सांगायची, बोटांनी सांगायची. शाळेत माझ्यासमोर बसणारी ती पोर बाजारात आईचे कान होऊन बसलेली मी कैकदा पाहिली आहे. गणितात ती बरी होती. बोलायला मात्र फार जपून, दहा वेळा मनात घोळवून मग एक वाक्य.

बारावी झाल्यावर तिला नागपूरला नर्सिंगला जागा मिळाली. घरात आनंद झाला आणि त्याच आनंदात सगळ्यांना एकदम कळलं की आता वहिनींशी बोलणार कोण. मालक रानात असतात, आणि मुळातच कमी बोलणारे. तेव्हा त्या पोरीनंच एक अ‍ॅप शोधून काढलं. आपण मराठीत बोलायचं, ते समोर मराठीत लिहून दाखवतं. सातवीपर्यंत शिकलेल्या वहिनींना वाचता उत्तम येत होतं. अडचण एवढीच की मोबाइलवर अक्षर बारीक दिसे आणि दोन-चार शब्दांतच ओळ संपे. मोठा टॅब असला, समोर टेकवून ठेवला, तर ओट्यावर बसून कुणाशीही बोलता येईल, असं तिचं म्हणणं. मुलगी नागपूरला गेल्यावर वहिनींचं जगाशी बोलणं त्या एका वस्तूवर राहणार होतं. हे मला नीट सांगितलं गेलं होतं. मला माहीत नव्हतं, अशी पळवाट मला नाही.

वहिनी, त्यांची पोर आणि मी असे तिघं मलकापूरला गेलो. मालकांनी बसपर्यंत सोडलं आणि मला म्हणाले, "सर, तुमी हाय म्हून मले फिकीर नाई." मी मान डोलावली. दुकानात पंखा माझ्या बाजूला वळवला गेला, खुर्ची मला दिली गेली. दुकानदारानं दोन टॅब समोर ठेवले. एक जरा लहान, नवा आलेला. दुसरा मोठा, वजनदार, काच झगझगीत, पण बराच काळ कपाटात पडून असलेला. त्याचा खोका कडांना पिवळा पडला होता. मी मोठा हातात घेतला, तळहातावर तोलला, बोटानं काचेवर टिचकी मारली. आवाज मोठा करून ऐकला. ज्याला ऐकू येत नाही तिच्यासाठी मी टॅबचा आवाज तपासत होतो, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

पोरीनं पर्समधून एक घडी केलेला कागद काढला. त्यावर तिनं प्रश्न लिहून आणले होते. परीक्षेला जावं तशी तयारी करून आली होती ती. हळू आवाजात तिनं दुकानदाराला विचारलं, "दादा, याच्यात अँड्रॉइड कोणतं हाय? अन् अपडेट अजून किती वर्स येतीन?"

"येतात ना ताई, सारे येतात. वायफाय लावलं का आपोआप येतात."

"तसं नाई. कंपनी दरेक मॉडेलले ठरलेली वर्सं अपडेट देते, मंग बंद करते. हे मॉडेल जुनं दिसते. अपडेट बंद झाले का काही दिवसांनी अ‍ॅप बी चालत नाई, असं वाचलं म्या. दोन मिनिटं थांबा, कंपनीच्या साइटवर पाहू द्या मले."

माझ्या लेखी अपडेट म्हणजे मोबाइलवर नेमकं जेवायच्या वेळी उगवणारी एक चौकट, जिच्यावर मी "नंतर" दाबतो. त्याची वर्षं असतात, ती संपतात, हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला: हे मला ठाऊक नाही, पोरी, पाहून घे. सहा-सात शब्द. पण समोर दुकानदार, बाजूला दोन गिऱ्हाईकं, पंखा माझ्याकडे. मी हसलो.

"अवो, बैल घेतांनी तो चार वर्सांनी कोणता चारा खाईन असं इचारते का कोणी?" मी दुकानदाराला म्हणालो. दुकानदार खो-खो हसला. गिऱ्हाईकंही हसली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण हसणं मिळालं की मला चेव येतो, हा माझा जुना रोग आहे, वर्गातही होता. मी पोरीकडे वळलो आणि म्हणालो, "तुलेच एवढं समजते तर मले काऊन आणलं व?"

कागदाची घडी तिनं पुन्हा घातली आणि मोबाइल ओढणीआड धरून खाली बघत राहिली. वहिनी एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. सगळे हसताहेत म्हणून त्यांनीही थोडं हसून घेतलं आणि मोठ्यानं विचारलं, "काय म्हणते पोरगी?" मी अंगठा उंच करून दाखवला. मग मी मोठा टॅब ठरवला. जुना माल असल्यानं दुकानदारानं भाव खाली आणला आणि वर कव्हर फुकट दिलं. कव्हर फुकट मिळवलं याचा मला इतका अभिमान वाटला की परतीच्या बसमध्ये मी तो शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगितला.

आणि टॅब चालला, हेही सांगायला हवं. दीड वर्ष अगदी छान चालला. वहिनी तो ओट्यावर पाटाला टेकवून ठेवत. बाया समोर बसून बोलत आणि अक्षरं भराभर उमटत. आमची वऱ्हाडी त्या अ‍ॅपला झेपत नसे. मग आळीतल्या बाया टॅबसमोर बसल्या की शाळेतल्या पुस्तकासारखं बोलू लागल्या. जन्मात "काय करून राह्यली व" याखेरीज काही न बोललेली कोपऱ्यावरची म्हातारी टॅबपुढे कंबर ताठ करून म्हणायची, "आपण जेवण केले आहे काय?" वहिनी वाचून पोट धरून हसत. बाजारातही त्या टॅब घेऊन बसायच्या. दर रविवारी नागपूरहून मुलीचा व्हिडिओ कॉल येई. मोबाइलमध्ये तिचा चेहरा आणि शेजारी टॅबवर तिचे शब्द. पहिलं इंजेक्शन दिल्याचं तिनं सांगितलं तेव्हा वहिनींनी ते आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं, आणि मग ओट्यावरून खाली येऊन साऱ्या आळीला सांगितलं. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या म्हणत, "भाऊजींनी पाहून देला." मी ते ऐकून चालण्याचा वेग कमी करत असे.

थंडी सरता सरता एका सकाळी वहिनी टॅब घेऊन आमच्या दारात आल्या. अ‍ॅप उघडत नव्हतं. ही आवृत्ती आता चालणार नाही, नवी घ्या, असा मजकूर होता. मी नवी घ्यायला गेलो तर उत्तर आलं की हे अ‍ॅप तुमच्या टॅबसाठी उपलब्ध नाही. मग मी सेटिंगमध्ये शिरलो, टॅबचाच अपडेट शोधला. तिथं लिहिलं होतं, तुमचं डिव्हाइस अद्ययावत आहे. ते वाचून मला क्षणभर हायसं वाटलं. मग त्याच्या खाली बारीक अक्षरात शेवटच्या अपडेटची तारीख दिसली. आम्ही तो टॅब घेतला त्याच्याही कितीतरी आधीची होती ती. म्हणजे मलकापूरच्या त्या खुर्चीत बसून मी काचेवर टिचक्या मारत होतो तेव्हा ही तारीख त्या काचेमागेच होती. दोन बटणं दाबली असती तर दिसली असती. माझे कान तापले. वहिनी माझ्या चेहऱ्याकडे बघत उभ्या होत्या, आणि त्या चेहरे वाचण्यात तरबेज आहेत.

मी हसरा चेहरा केला. त्यांच्याजवळ एक वही असे, तिच्यात मी लिहिलं, "कंपनीकडे काम चालू आहे. उद्या होईल."

माझ्या हातानं लिहिलेलं ते पहिलं धडधडीत खोटं असावं. बोलण्यातली खोटी निसटतात, हे वळणदार अक्षरात खाली तारीख टाकून लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. मी पुन्हा "उद्या" लिहिलं. मग "दोन दिवसांत", मग "सोमवारी नक्की". त्या रोज टॅब चार्ज करायच्या, पदरानं पुसायच्या, ओट्यावर पाटाला टेकवायच्या, बोटानं दाबून पाहायच्या आणि झाकून ठेवायच्या. बाया सुरुवातीला येत होत्या. ज्यांना लिहिता येई त्या वहीत दोन ओळी लिहीत, पण गप्पा काही लिहून होत नाहीत. कोपऱ्यावरच्या म्हातारीला लिहिताच येत नाही. ती येऊन शेजारी नुसती बसायची आणि उठून जायची. मी वाचनालयात जायचा रस्ता बदलला. मागच्या बोळातून जाऊ लागलो, नालीवरून उडी मारून, या वयात.

मुलीचा मेसेज आला, "सर, आईचा टॅब बंद आहे का?" मी लिहिलं, "किरकोळ बिघाड आहे. पाहतो आहे. तू अभ्यासाकडे लक्ष दे." तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आपला माणूस पाहतो आहे म्हटल्यावर मध्ये बोलायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं आहे.

आमची दोन अंगणं एका कुडानं वेगळी केलेली आहेत. त्या रविवारी मी कुडाच्या या बाजूला पेपर वाचत बसलो होतो. कॉल आला. मुलीचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. "आई, जेवली का?" वहिनी म्हणाल्या, "हाव, मेथी काढली काल." मुलगी म्हणाली, "गोळ्या घेते ना रोज?" वहिनी म्हणाल्या, "बाबा रानात हाय." मोबाइलच्या लहानशा चौकोनात ओठ कुठे नीट दिसतात? अंदाजानं उत्तर देत होत्या त्या, आणि प्रत्येक उत्तरानंतर थांबून बघत होत्या की बरोबर आलं का. दोन्हीकडचं ऐकणारा मी एकटा होतो. मी उठून कुडापलीकडे जायला हवं होतं. निदान मधे बसून वहीत लिहून द्यायला हवं होतं. मी पेपरची घडी केली आणि घरात गेलो. पुढच्या रविवारी मुलगी फारसं बोललीच नाही, हात हलवत राहिली असावी. तिसऱ्या रविवारी कॉल एका मिनिटात संपला.

त्यानंतर ती दोन दिवसांच्या सुट्टीवर आली. आली त्याच दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आली. पाया पडली. मी तिला बस म्हणालो आणि ती बसायच्या आतच बोलून टाकलं, टॅब दुरुस्त व्हायचा नाही, त्याचे अपडेट कधीच बंद झाले आहेत. इतके दिवस दाबून ठेवलेलं म्हणून भराभर बोललो. ती चकित झाली नाही.

"मले माहीत होतं, सर," ती म्हणाली. "तुमी कव्हरचं बोलून राह्यले होते ना, तवाच मोबाइलात पाह्यलं होतं म्या. कंपनीच्या साइटवर लिहेल होतं, या मॉडेलले आता अपडेट नाई."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी आमचे माणूस होते. दुकानदारासमोर कसं बोलू?" मग खाली बघत म्हणाली, "माहीच चूक झाली. दुकानाबाहेर आल्यावर तरी सांगाले पायजे होतं. पण तुमी एवढे खूश होते. म्हटलं, चालते तेवढे दिवस चालू द्या. माफ करा, सर."

दीड वर्ष ही पोर ते मनात घेऊन नागपूरला राहिली होती. रोज वाटत असणार, आज बंद पडेल का, उद्या पडेल का. आणि आता माझ्यासमोर उभी राहून माझीच माफी मागत होती. मला तेव्हा काय वाटलं ते लिहिताना हात अडतो, पण लिहितो. क्षणभर मला बरं वाटलं. चूक तिची निघाली तर माझी सुटका आहे, असं माझ्या मनात येऊन गेलं. साठी ओलांडलेल्या माणसाच्या मनात, आपल्याच विद्यार्थिनीसमोर. त्या एका क्षणाची मला दुकानातल्या त्या हसण्यापेक्षाही जास्त लाज वाटते.

"आता कसं करतं?" मी विचारलं.

"झालं, सर. माहा जुना मोबाइल घरीच पडेल होता, त्याच्यात टाकून देल्लं. तो चालते त्याच्यात. अक्षर बारीक हाय, पण आई चष्मा लावून वाचते." ती हे सहज सांगत होती. "दहा मिनिटाचं काम होतं. टॅब आता चालतच नाई हे पयले समजलं असतं तर फोनवर सांगून कोणाकडूनही करून घेतलं असतं म्या."

तिला यात टोमणा मारायचा नव्हता. म्हणूनच तो लागला.

मी तिच्याबरोबर त्यांच्या ओट्यावर गेलो. वहिनी चष्मा लावून बसल्या होत्या, मांडीवर मुलीचा जुना मोबाइल. मला पाहून त्यांनी पाट पुढे सरकवला, मोबाइल माझ्याकडे तोंड करून धरला आणि म्हणाल्या, "बोला, भाऊजी. हा लिहते." मी पुस्तकी मराठीत, एकेक शब्द सुटा करून बोललो. टॅब निवडताना चूक माझी झाली. पोरीनं बरोबर तेच विचारलं होतं, मी तिची थट्टा केली. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि मी तसं सांगितलं नाही. वहिनींनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, ओळी संपेपर्यंत ओठ हलवत वाचलं.

"होते असं," त्या म्हणाल्या. "वस्तू हाय, बिघडते. त्याचं मले काही नाई." मी सुटकेचा श्वास घेणार, एवढ्यात त्यांनी मोबाइल पुन्हा माझ्यापुढे धरला. "पण तीन हप्ते तुमी रोज उद्या-उद्या काऊन लिहत होते?"

आवाज त्यांच्या नेहमीच्या पट्टीतला, म्हणजे साऱ्या आळीला ऐकू जाणारा. पुटपुटून, घसा खाकरून, विषय बदलून वेळ मारून नेण्याचं माझं सगळं कसब इथं निरुपयोगी होतं. जे बोलेन ते अक्षरात उमटणार होतं. मुलगी दाराला टेकून उभी होती.

"लाज वाटली म्हणून," मी म्हणालो.

तेवढेच तीन शब्द उमटले. वहिनींनी ते वाचले, चष्मा काढून पदराला पुसला आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, "लाज तुमाले वाटली, भाऊजी. पण माह्या पोरीचं तीन रविवारचं बोलणं मले वाचता नाई आलं."